मामाच्या क्लॅरिनेटचे आठ ठोके

दुपारचं जेवण अंगावर आलंय. लग्नघरात आडवं व्हायला जागा मिळायला नशीब लागतं. मला मिळाली आहे ती मामीच्या माडीवर, गाद्यांच्या थप्पीला टेकून, मांडीवर लॅपटॉप, शेजारी माइक आणि कानावर हेडफोन. खाली भांडी वाजताहेत, हळदीचा डाग कशानं जातो हे कुणीतरी तिसऱ्यांदा सांगतंय. माझे डोळे मिटायला लागलेत. ते मिटू नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण सहा वाजता वरात आहे आणि माझं गाणं अजून जुळलेलं नाही.

मी डीजे आहे. बाई डीजे असते का, असं विचारायचं असेल तर विचारून घ्या, तासगावात सगळ्यांचं विचारून झालंय. आज माझ्या मामेबहिणीचं, पल्लवीचं लग्न. तिचे वडील म्हणजे माझा श्रीरंगमामा. तीस वर्षं त्यानं ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली आणि गेल्या वर्षी तो गेला. पल्लवीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: वरातीत आधी बाबा वाजले पाहिजेत, आणि तिथूनच, मध्ये न थांबता, यंदाची नवी गाणी सुरू झाली पाहिजेत. म्हणून मी मामाच्या बँडची जुनी कॅसेट लॅपटॉपवर घेतली, खरखर काढली, चुकलंमाकलं कापलं, लय सरळ केली आणि नवं गाणं असं चिकटवलं की सांधा शोधून सापडू नये.

सकाळी अंगणात लावून बघितलं. बायका हौसेनं नाचायला उभ्या राहिल्या, आणि धून अर्ध्यावर आली तशी सगळ्यांचे पाय एकदम चुकले. थोरल्या मावशीला तर उचललेला पाय खाली कधी ठेवायचा तेच कळेना. मामी थांबली. "रूपे, हे वाजवतंय ते आपलं माणूस न्हवं गं," म्हणाली आणि आत निघून गेली. वरातीला येणार नाही म्हणते. नवरीची आई घरात आणि वरात रस्त्यावर, एवढं मी कमावलं. मला रडू येत होतं, पण तेवढ्यात जिलेबी वाढली.

तर मी डोळे उघडे ठेवते आहे, आणि गाद्यांच्या थप्पीवर श्रीरंगमामा बसलेला आहे.

अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. खाली मात्र घरातली निळी लुंगी.

"मामा, वर एवढा थाट आणि खाली हे?"

"भिंतीवरच्या फोटूत कंबरंपतूरच आलोय," मामा म्हणतो. "खालचं ज्याचं त्यानं बघायचं असतंय."

"पण तू गेलास ना?"

"गेलो की. म्हणून पोरीच्या लग्नाला येऊ नये व्हय?"

हे मला पटतं. तिकडे बँड आहे का, असं मी विचारते. बँड आहे, पण वरात निघत नाही, कुणाचं लग्नच जमत नाही, अशी त्याची तक्रार आहे. मग तो माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावतो. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडतो. हेडफोन झाडून बघतो, आत डोकावतो.

"माझं आठ ठोकं कुठं गेलं?"

"कुठले आठ?"

"चल, चौकशी करू."

माडीचा जिना आम्ही उतरतो तो थेट एसटी स्टँडवर. चौकशीच्या खिडकीपुढं रांग आहे आणि रांगेत आमच्यापुढं नवरदेवाचा घोडा उभा आहे. घोड्याचं काम लवकर होतं. खिडकीतला माणूस मामाला विचारतो, "काय हरवलं?"

"आठ ठोकं."

"दिसायला कसे होते?"

"मोकळं."

"मोकळे विट्याच्या गाडीत चढले असतील," तो म्हणतो आणि खिडकी लावून घेतो.

विट्याच्या गाडीत बाकं शाळेची आहेत. बाकांवर मामाचा सगळा बँड बसलाय, ढोलवाला, ट्रम्पेटवाले, झांजवाला, प्रत्येकाच्या पुढ्यात पाटी. मामा फळ्याजवळ उभा राहून क्लॅरिनेट ओठाला लावतो आणि ती धून सुरू होते. मी लहानपणी जिच्यावर बेभान नाचायचे तीच धून. गाडीला भिंती उरत नाहीत. आम्ही तासगावच्या रस्त्यावर आहोत, भर उन्हात, सगळी माणसं नाचताहेत, आणि धून अर्ध्यावर येते तसा मामा क्लॅरिनेट खाली घेतो.

ढोल एकटा चालू राहतो. एक, दोन, तीन. मामा बाजूला वळतो, गालात धरलेलं पान शांतपणे थुंकतो, ओठ पुसतो. तोवर बायका पदर खोचून घेतात, म्हातारी माणसं दम खातात, करवल्या केस सावरतात, घोडा चार पावलं पुढं येतो. सात, आठ. मामा क्लॅरिनेट वर घेतो आणि सगळा रस्ता एका पायावर खाली येतो.



"मामा, हे मी कापलं. मला वाटलं कॅसेट खराब आहे, तिथं तुझा आवाज उडालाय."

"तोंडात पान असल्यावर माणूस फुंकणार कसा?" मामा म्हणतो. "पयल्या वरातीत चुकून झालं. दुसऱ्या वरातीत मी पान खाल्लं न्हवतं, तर लोक नाचायचं थांबलं. मग काय, खावं लागलं."

"म्हणजे तीस वर्षं सगळा तालुका तुझ्या थुंकण्यावर नाचत होता?"

"गप. मोठ्यानं बोलू नकोस, व्याही हाईत."

व्याही खरंच शेजारीच नाचताहेत. मी आवाज खाली आणते. "पण नव्या गाण्यात असं थांबता येत नाही, मामा. जरा मोकळं सोडलं की लोक मोबाइल काढून बघायला लागतात."

"थांबतंय कोण? ढोल चालूच ठिव. ढोल हाय तवर कोण जात न्हाई. आणि ती आठ सरली की मी न्हाई आलो तरी चालंल. तुझं नवं गाणं आण तिथं."

एवढं सोपं होतं. मी दोन रात्री जागून सांधा लपवत बसले, आणि सांधा म्हणजे माणसाला दम खायची जागा होती. मला लाज वाटते आणि मामाची इतकी माया येते की मी त्याच्या झालरीला धरून ठेवते.

"मामा, मला तुझी फार आठवण येते."

"मग कापू नकोस की," तो म्हणतो.

रस्ता आता मामीच्या माडीएवढाच उरलाय. मामा घाईत दिसतो. त्याचा गाल फुगलेला आहे आणि एवढ्या वेळात त्यानं दुसरं पान कधी लावलं ते मला कळत नाही. "ती आठ नीट घेऊन ठिव," तो भरल्या तोंडानं म्हणतो. "न्हाईतर परत गाळशील." मी नवरा-नवरीची नावं पुकारायचा माइक त्याच्यापुढं धरते. मामा मान वळवायला जातो, पण उशीर झालेला आहे.

"मामा, अरे माइक—"

माझ्याच आवाजानं मी जागी होते. पावणेपाच. हेडफोन गळ्यात आलाय, लॅपटॉप तापलाय, खाली भांडी अजून वाजताहेत. मी डोळे चोळत बसत नाही. धुनीच्या सुरुवातीचा नुसता ढोल उचलते, आठ ठोके मोजून घेते आणि जिथं कापलं होतं तिथं ठेवते. आठव्यानंतर नवं गाणं सोडते. मग छोट्या स्पीकरवर आवाज मोठा करून लावते.

क्लॅरिनेट वाजते. अर्ध्यावर येते. थांबते. ढोल एकटा.

खालून, स्वयंपाकघरातून, मामीचा खणखणीत आवाज येतो, "अहो, भिंतीवर नगं, बाहेर जावा."

भांडी थांबतात. सगळं घर थांबतं. ढोल तेवढा चालू राहतो, आठ पुरे होतात आणि नवं गाणं सुरू होतं.

जिना वाजतो. मामी दारात उभी आहे, डोळे भरलेले, आणि स्वतःवरच रागावलेली.

"परत लाव," ती म्हणते.

मी हात पुढं करते तेव्हा तिची नजर माझ्या शेजारी जाते. माइक तिथं पडलाय, त्याची वायर अजून गुंडाळलेलीच आहे. त्याच्या पांढऱ्या स्पंजवर पाच-सहा लाल थेंब आहेत, ओले. मामी वाकते, एक थेंब बोटावर घेते, उजेडात धरून बघते.

"कात जास्त झालाय," ती म्हणते. "लावून द्यायला कोण न्हाई तिकडं."

आणि वरातीची साडी काढायला कपाटाकडे जाते.