कुणीच ओरडलं नाही

टाइल्सच्या त्या कारखान्यात तिला सगळे ढगबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. कंपनीचा सगळा डेटा तळमजल्यावरच्या गरम, घरघरणाऱ्या खोलीतून उचलायचा आणि क्लाउडवर न्यायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या मशिनांवर भाड्याने ठेवायचा, हे काम मालकांनी तिच्यावर सोपवलं होतं. स्टोअरकीपर जिन्यात भेटला की म्हणायचा, "बाई, काय न्यायचं ते ढगात न्या, आम्हाला तेवढं खाली राहू द्या!" ती हसायची. मान जरा ताठच झाली होती तिची.

काम तसं किचकट. कुठलं मशीन कोण वापरतं, याचा कुणालाच धड पत्ता नव्हता. तिने प्रत्येक विभागाच्या साहेबाला खाली बोलावलं आणि एकेका मशीनकडे बोट दाखवून "हे तुमचं का?" म्हणून विचारलं. एक मात्र बेवारशी निघालं. कोपऱ्यातलं, धुळीने माखलेलं, पण चालू. विक्रीवाले म्हणाले आमचं नाही, गोदामवाले म्हणाले हे आम्ही कधी पाहिलंच नाही.

अशा मशीनवर या धंद्यातल्या लोकांचा एक रामबाण उपाय असतो. गुपचूप वायर काढायची आणि कोण बोंबलतं ते बघायचं. ज्याचं असेल तो ओरडत येतोच. कुणी नाही आलं, तर भंगारात. पद्धत उद्धट आहे, पण चालते. तिनेही वायर काढली आणि सगळ्यांना मेल टाकली: नव्या व्यवस्थेत ज्यांच्या कामाला जागा नाही, त्यांची मशिनं बंद करण्यात येत आहेत, अडचण असल्यास कळवावे. हे वाक्य लिहिताना तिला कुठे काही खुपलं का? छे! उलट छान जमलंय असं वाटलं.

पंधरवडाभर कुणीच ओरडलं नाही. तिने डिस्क पुसून टाकली. बैठकीत मालकांना सांगितलं, "एकही तक्रार नाही." मालक म्हणाले, "शाब्बास!" त्या शाब्बासकीवर तिचे दोन दिवस मजेत गेले.

रविवारी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "अगं, आत्याला एकदाची तारीख सांगून टाका की. बिचारी रोज जाऊन नुसती बसून येते."

"कसली तारीख?"

"कामावरून काढायची. कॉम्प्युटर तर बंदच केलाय ना तिचा? तुला विचारू नकोस म्हणाली होती. पोरीला वरून हुकूम आला असेल, तिला कशाला पेचात टाकायचं, म्हणाली."

म्हणजे कोपऱ्यातलं ते बेवारशी मशीन आत्याचं होतं!

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. या कंपनीत हिला चिकटवलं ते आत्यानेच, मालकांकडे शब्द टाकून. आणि नेमकं तेच हिला डाचायचं. वशिल्याने आली असं कुणी म्हणू नये म्हणून ऑफिसात ही आत्याला 'मॅडम' म्हणायची, जेवायला वेगळ्या टेबलावर बसायची, आणि वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीकडे कधी फिरकायचीच नाही. आत्या काय काम करते? टाइल्सचं काहीतरी. एवढीच हिची माहिती! आत्या थेट मालकांच्या हाताखाली, विभाग नाही की साहेब नाही, त्यामुळे तळमजल्यावर तिला कुणी बोलावलं नाही. कुणी म्हणजे दुसरं कोण? हिनेच नाही बोलावलं.

सोमवारी ती जिना चढून गेली. खोली एवढीशी, भिंतीला टाइल्सचे तुकडे टेकवून ठेवलेले. तळमजल्यावरच्या त्या मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यासमोर आत्या पर्स मांडीवर घेऊन बसली होती, कधीही ऊठ म्हणतील अशा तयारीने.

"ये गं," आत्या म्हणाली. "सांग काय ते. मी काही रडणारबिडणार नाही."

"आत्या, आधी सांग, खालच्या त्या मशीनवर तुझं काय होतं?"

"जुन्या टाइल्सचे फोटो. कुणाच्या न्हाणीघरातली एखादी फुटते, तशी नवी मिळत नाही. लोक फोटो पाठवतात, मग ती कुठल्या साच्यातली ते मी शोधून देते. मी आल्यापासूनचे सगळे आहेत. माझ्यामागे कुणाच्या तरी हातात दे हं ते. नीट लावून ठेवलेत."

हिचे कान शरमेने तापले. पाय लावून पळावं असं वाटलं.

"ते गेले, आत्या. मी पुसले."

"सगळे?"

"सगळे."

आत्याने भिंतीला टेकवलेला टाइलचा एक तुकडा उगाच सरळ केला. मग म्हणाली, "हुकूमच असेल तर तू तरी काय करणार!"

इथे ही गप्प राहिली असती तर निभावून गेलं असतं. सुटायची वाट आत्यानेच काढून दिली होती, आणि हिने ती मनातल्या मनात चाचपूनही पाहिली, हे कबूल केलं पाहिजे. पण तेवढी निगरगट्ट ती नव्हती.

"हुकूमबिकूम काही नव्हता. तुला कुणी काढत नाहीये. ते मशीन तुझं आहे हे मला माहीतच नव्हतं. मी वायर काढली आणि कुणी ओरडतंय का ते बघत बसले. तू ओरडायचंस ना गं! एक फोन तरी करायचास!"

बोलली आणि तिची तिलाच किळस आली. चूक स्वतःची आणि खापर कुणावर?

आत्या चिडली असती तर बरं झालं असतं. नोकरी शाबूत आहे म्हटल्यावर तिचा चेहरा खुलायला हवा होता. तो पार उतरला.

"माहीतच नव्हतं तुला?"

"नाही."

"गेले पंधरा दिवस जिन्यात मला बघून तू तोंड वळवायचीस ना," आत्या हळूच म्हणाली, "मला वाटायचं, पोरीला सांगायला जड जातंय."

 जिन्यात तोंड तर ही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वळवत आली होती.