इष्टलिंगासाठी सरकारवर दावा

आमची शरणम्माआत्या मूळची मैंदर्गीची, सोलापुरात एका सरकारी दवाखान्यात आया होती. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत ते लहानपणीच बांधतात आणि माणसाबरोबरच मातीत जातं. मध्ये कधी अंगावेगळं करत नाहीत.

अठ्ठ्याहत्तर साली नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं, कामावर असताना गळ्यात काही घालायचं नाही. मंगळसूत्राला तेवढी सूट. आत्या विधवा, तिला कसली सूट? तिनं डबी उतरवली नाही, साहेबांनी तिला घरी बसवलं.

माझे वडील ईरप्पा म्हणजे तिचे सख्खे भाऊ. ते म्हणाले, कामापुरतं खुंटीला अडकव, देव काही पळून जात नाही. मला वडिलांचा असा संताप आला की काय सांगू. आत्या भाकरी थापतच राहिली.

"मालक गेले तवा बायकांनी अंगावरचं सगळं उतरवलं. ह्ये न्हाय उतरवू दिलं मी. आता साहेबाला देऊ व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती वीरभद्रप्पा वकिलांकडे गेली. त्यांनी समजावलं, धर्म पाळायचा हक्क घटनेनंच दिलाय. तो मोडला तर सरकारलाही कोर्टात खेचता येतं. आधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची, मग दावा. आत्या म्हणाली, द्या नोटीस. तोवर तिनं कडक भाकऱ्या विकून घर चालवलं.

दावा कोर्टात उभा राहिला. सरकारी वकील भलतेच हुशार. त्यांनी विचारलं, रोज पूजेला लिंग डबीतून काढता ना? आत्या म्हणाली, काढते. म्हणजे अंगावरून उतरतं तर, असं म्हणून त्यांनी ऐटीत न्यायाधीशांकडे पाहिलं. वडिलांनी कपाळाला हात लावला.

आत्यानं डावा तळहात पुढे धरला. "काढून हितं ठेवते. ह्यो हात माजाच हाय की."

न्यायाधीशांनी ते वाक्य लिहून घेतलं. पुढे निकाल लागला: लिंग उतरवायला लावणारा हुकूम बेकायदा, बाईंना कामावर घ्या.

बाहेर आल्यावर वडिलांना पेढे सुचले. मग त्यांनी हळूच विचारलं, हरलो असतो तर गं?

"मुंबईला हायकोर्ट हाय की," आत्या म्हणाली. पेढ्यांसाठी ती थांबली नाही. सकाळीच घडी करून पिशवीत घातलेली दवाखान्याची पांढरी साडी घेऊन ती थेट दुपारच्या पाळीला निघाली.