हुकूम ऐकण्यापुरती अरबी

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर अरबीचा क्लास होता. जिन्याच्या तोंडाशी फलक: ‘पंधरवड्यात अरबी बोला. लिपी नको, व्याकरण नको.’ मला हा फलक बघताक्षणी फाडावासा वाटला. पण मी दाजींना घेऊन आले होते, म्हणून गप्प जिना चढले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. सांगोल्याकडचा, पिढीजात मेंढरं राखणारा. पूर्वी तिकडं माळ मोकळा होता. आता जिकडंतिकडं डाळिंब आणि डाळिंबाभोवती तारेचं कुंपण. मेंढरानं तोंड घातलं की मालक कोयता घेऊन धावतो. कळप धाकट्या भावाच्या हवाली करायचा आणि आखातात जाऊन कुणा शेखाची मेंढरं राखायची, असं दाजींनी ठरवलं. एजंट म्हणाला, आधी अरबी शिका.

मी सोलापुरात राहते, कामगार वस्त्यांमधून पत्रकं वाटते. बहिणीचा फोन आला, “तू बस त्यांच्या शेजारी. एकटं बसायला लाजतंय माणूस.” मी बसले. वाळवंटात एकट्या पडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूनं चार शब्द बोलता यावेत, एवढीच माझी अपेक्षा होती.

पहिल्याच दिवशी खालच्या दुकानदारानं हटकलं. “अरबी शिकताय? मग आता बुरखा शिवायला टाका की.”

“पेट्रोल भरताना धर्म विचारता का हो त्याचा?” मी म्हणाले. त्यानं कापडाच्या गठ्ठ्यात तोंड घातलं.

वर गवंडी, ड्रायव्हर, वायरमन आणि आम्ही दोघं. सर खुर्चीत मालक होऊन बसायचे. किल्ली जमिनीवर टाकायचे आणि ओरडायचे, “यल्ला!” म्हणजे चल, आटप. एकेकानं उठायचं, वाकायचं, किल्ली उचलून द्यायची आणि म्हणायचं, “हादिर.” म्हणजे हुकुमाला हजर आहे. मग ‘नअम’, म्हणजे हो. मग ‘आसिफ’, म्हणजे चुकलो, माफ करा. झेरॉक्सच्या कागदावर देवनागरीत हेच छापलेलं. मोठमोठी बापे माणसं शाळेतल्या पाढ्यासारखी ओरडायची: हादिर, नअम, आसिफ.

मी मोबाइलवरचे अरबीचे धडेही बघितले. तिथली बाई गोड हसत शिकवत होती: सफरचंद लाल आहे, हॉटेल कुठे आहे. एकीकडं पर्यटक, दुसरीकडं गडी. मधे माणूस म्हणून कुणी उभं राहायचं नाही, असा बंदोबस्तच दिसला मला.

माझी पाळी आली. किल्ली पायाशी पडली. मी उचलली नाही.

“सर, ‘नाही’ला काय म्हणतात?”

“ते आपल्याला लागत नाही, म्याडम.”

“आजारी आहे? पासपोर्ट परत द्या? एवढं काम होणार नाही?”

“असलं शिकवलं की नोकरी टिकत नाही. मी तुमच्या भल्यासाठी शिकवतो.”

“हे शिकवणं नाही, सर. तुम्ही बैल जुंपताय.”

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. सरांचे कान लाल झाले. “‘ला’ म्हणतात. ला! झालं समाधान?”

आणि काय झालं कोण जाणे, सवयीनं म्हणा, अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “लाऽऽ!” खिडकीतली कबुतरं उडाली. माझा त्या क्लासातला तेवढा एकच क्षण चांगला गेला.

दाजी मात्र ओरडले नव्हते. जिना उतरताना म्हणाले, “वकिलीणबाई, तुझ्या पायी मला हाकलतील हितनं.”

मग मुलाखतीचा दिवस आला. टेबलावर सरांचा फोन, फोनवर मुंबईतला एजंटचा माणूस, आखातात वर्षं काढलेला. दाजींची तयारी छान होती. आकडे तर वर्गात सगळ्यांच्या आधी त्यांना आले होते. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग प्रश्न आला, “कम खरूफ इंदक?” तुझ्याकडं मेंढ्या किती?

दाजींनी सरांकडं बघितलं.

सरांनी बोटं नाचवली. दाजी म्हणाले, “कलील.” थोडी हायती.

“आकडा सांग, आकडा!” फोन खेकसला.

मला एका क्षणात कळलं. दाजींच्या घरात मेंढरांचा आकडा तोंडानं काढत नाहीत. काढला की कळपाला दृष्ट लागते. लस टोचायला येणाऱ्या डॉक्टरलासुद्धा ‘हायती की थोडी’ एवढंच सांगतात, तो बिचारा आपला आपण मोजतो. माझी बहीण नवी नवरी असताना विहिरीवर आकडा बोलून गेली, त्याच आठवड्यात एडका मेला, आणि ते पाप अजून तिच्या नावावर आहे. याच खुळचट समजुतीविरुद्ध मी पत्रक काढलेलं. दाजींनी त्यात पेंड बांधली होती.

“पन्नास म्हण,” सर दातओठ खात कुजबुजले. “खम्सीन. खोटं म्हण!”

दाजींनी मान वर केली. फोनकडं बघून, घसा मोकळा करून, कळपाला हाक घालावी तसे म्हणाले, “ला.”

“किती विचारलं तर नाही म्हणतो? याला काहीच येत नाही,” म्हणत फोन बंद झाला. ज्याला प्रश्न शब्दन् शब्द कळला होता, तो नापास झाला.

स्टँडवर मी नाचायची बाकी होते. “दाजी, म्हणालात की! आता कशाला जाताय?”

“जाणार की. ते मेंढरांसाठी म्हणलं,” दाजी म्हणाले. “माझ्यासाठी न्हाय.”

त्यांच्या तोंडून स्वतःसाठीचा ‘ला’ काढायला मी तिथंच मालक झाले. “यल्ला, शुग्ल!” चल, कामाला लाग.

“हादिर,” दाजी पटकन म्हणाले. मग स्वतःच चपापले. पुन्हा म्हटलं, पुन्हा हादिर. गाडी लागेपर्यंत तेच. जीभ एकदा वळवली की वळवली. याला हे लोक शिक्षण म्हणतात!

दुसऱ्या मुलाखतीत सरांनी तो प्रश्नच काढायला लावला. क्लासचं नाव खराब होत होतं ना. दाजी पास झाले, गेले. पासपोर्ट मालकानं पहिल्या दिवशीच ठेवून घेतला. परत मागितला का, असं मी फोनवर विचारलं तर म्हणाले, “देईल की कवातरी.”

‘पासपोर्ट द्या’चं अरबी मी पाठवलं, ‘आजारी आहे’चंही. दर फोनला मी आधी हुकूम सोडते, “यल्ला, शुग्ल!” आणि ते हसून “हादिर” म्हणतात. मला हसू येत नाही.

परवा आवाज बसलेला वाटला. “ताप हाय जरा,” म्हणाले. “तरी सोडत न्हाय माणूस.”

“यल्ला, शुग्ल!” मी म्हणाले.

पलीकडं वारं आणि मेंढरांचं बेंबटणं. मग अगदी हळू, तोंडाशी हात धरून बोलावं तसं आलं, “ला.”

“मोठ्यानं, दाजी!”

“गप,” ते म्हणाले. “मालक आलाय.” आणि फोन ठेवता ठेवता, माझ्यासाठी नसलेला, खणखणीत शब्द ऐकू आला.

“हादिर!”