‘पाणी प्या’ सांगणाऱ्या सिस्टर

कमल सिस्टरांच्या दहाव्याला मी चुकीच्या घाटावर जाऊन भाषण केलं.

मारुंजीच्या पुढं रस्त्याला जे फाटे फुटलेत ते अधूनमधून जागा बदलतात असं माझं मत आहे. गेल्या वर्षी ज्वारी होती तिथं आता सोसायटीची कमान असते आणि कमानीखालचा वॉचमन हिंदीत सांगतो, “सीधा जाओ.” मी सीधा गेलो. नदीकाठी पांढऱ्या टोप्या दिसल्या, माइक दिसला. आमच्याकडे दहाव्याला भाषणं असतात. सरपंचापासून पतपेढीच्या अध्यक्षापर्यंत सगळे बोलतात, कारण पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणीतरी बोलत राहावंच लागतं. मी हात वर केला. सेवाभावी, कष्टाळू, हसतमुख, स्वतः झिजून दुसऱ्याला उजेड देणारी माउली... असं बराच वेळ बोललो. लोकांनी माना डोलावल्या, एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. खाली बसल्यावर शेजारच्यानं हळूच विचारलं, “आमच्या आत्याकडं तुमचं कसं काय येणं-जाणं?” ती माउली दुसरीच होती. जन्मात सुई टोचली नसेल कुणाला. भाषण मात्र तिच्या मापानं शिवल्यासारखं बसलं होतं! खऱ्या घाटावर पोचलो तेव्हा कावळा शिवून गेला होता आणि माइकवाला वायर गुंडाळत होता. म्हणून तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहितो आहे. या खेपेला ते फक्त सिस्टरांनाच लागू पडावं एवढाच प्रयत्न.

मी मुळशीतल्या एका आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होतो. निर्माण काहीच केलं नाही, पुड्या बांधल्या. गावकरी ‘कंपौंडर’ म्हणत, तेच खरं. सिस्टर आमच्या केंद्राखालच्या एका उपकेंद्राच्या नर्स; औषधं आणि लशी पोचवायला माझं तिथं नेहमी जाणं असे. अठ्ठ्याण्णव साली साताऱ्याकडून बदलून आल्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि आवाज असा की उपकेंद्राच्या ओट्यावरून हाक मारली तर शिवारातली बाई खुरपं टाकून उभी राही. उपकेंद्र म्हणजे सिमेंटच्या पत्र्याखालच्या दोन खोल्या. संडास नव्हता. तेव्हा त्याचं कुणाला फारसं वाटलंही नाही. मागं करवंदीच्या जाळ्या होत्या, बायकांना आडोसा होता. पुढं एकेक डोंगरउतार विकला गेला, तारांची कुंपणं पडली, जाळ्या तोडून प्लॉट आखले, बंगले उठले. लवासाकडं जाणाऱ्या गाड्या रस्त्यावरून धुरळा उडवत जायच्या आणि त्यांच्या काचांतून सगळा उतार उघडा दिसायचा. आडोसा गेला, सावली गेली. दोन्ही एकदमच गेली, पण मला त्यातली फक्त सावली गेल्याचं कळलं.

सिस्टर दिवसभर पाणी पीत नसत. हे गुपित नव्हतं, सगळ्यांच्या देखत चालायचं. सकाळी घरून निघताना कपभर चहा, मग संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्याभर पाणी. मधल्या वेळात ओठ ओले करायचे आणि बाटली मला द्यायची. “प्या भाऊसाहेब, तुम्हाला बरंय,” म्हणायच्या. मी ते माझ्या तब्येतीचं कौतुक समजत असे. वर विनोद करायचो, “सिस्टर, तुम्ही मागच्या जन्मी उंट होता.” त्या म्हणायच्या, “आणि तुम्ही ह्याच जन्मी आहात.” आम्ही दोघं हसायचो. माझ्या विनोदांचा हा दर्जा, त्यामुळं माझ्याबरोबर फिरणं ही वेगळी ड्यूटी होती.

त्या काळी गरोदर बायका वरच्या वाडीवरून तपासणीला खाली उपकेंद्रात येत. डोंगराची वाट, वर सगळी उघडी. एका मार्चात हौसाबाईंची सून मंगल, आठवा महिना लागलेला, चढणीवर चक्कर येऊन पडली. सिस्टर धावत गेल्या. तिला कुंपणाच्या खांबाच्या बोटभर सावलीत आडवी केली, ओला पदर मानेवर ठेवला, मीठसाखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पोर आणि आई दोन्ही वाचली. हौसाबाई मागून आल्या त्या भांडतच. “आमी न्हाई का उनात बाळंत झालो? हिलाच लई ऊन लागतंय!” सिस्टर घाम पुसत म्हणाल्या, “मावशी, तुमच्या वेळचं ऊन निराळं होतं.” “आता उनात बी जुनं-नवं असतंय व्हय?” सिस्टरांनी मंगलच्या मानेवरचा पदर पुन्हा भिजवला. मला मात्र म्हणाल्या, “यंदा जरा जास्तच आहे, नाही?” मी म्हणालो, “यंदा जास्तच आहे.” हे आम्ही गेल्या वर्षीही म्हणालो होतो.

मग पुण्यात एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. हवामानबदल आणि आरोग्य. बहुतेक दोन हजार सहा असावं. जेवणात जिलबी होती, त्यामुळं दुपारच्या सत्राला मी पापण्यांआड होतो. जाग आली तेव्हा पडद्यावर पांढरं अस्वल बर्फाच्या तुकड्यावर उभं होतं. परतीच्या एसटीत सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. पौड मागं पडल्यावर बोलल्या. “भाऊसाहेब, उन्हाळा वाढलाय हे मला अस्वलानं सांगायला नको होतं. वाडीवरच्या बायका बघून कळत होतंच की. पण मी दर वर्षी म्हणत होते, यंदा जास्त आहे, पुढच्या वर्षी उतरेल. हे यंदाचं नाही हो. हे आता असंच राहणार, वाढणार.” मी म्हणालो, “मग आपण नर्स-कंपौंडरांनी काय करायचं? अस्वलाला सलाइन लावायचं?” त्या हसल्या नाहीत. “बाईनं चालत यायचं नाही,” म्हणाल्या. “उन्हाचे तीन महिने आपण वर जायचं. सकाळी.”

आपण! मला वाटलं आदरार्थी बहुवचन असेल. पुढच्याच आठवड्यात लशींची थंड पेटी माझ्या खांद्यावर होती आणि मी दर वळणावर बसून बुटाची नाडी बांधत होतो, जी सुटलेली नसायची. सिस्टर पुढं उभ्या राहून म्हणायच्या, “बूट काढूनच ठेवा एकदाचे.” वाडीवर त्यांनी हौसाबाईंच्या अंगणात तपासणी सुरू केली. दारात रांजण ठेवायला लावला, त्याला ओलं फडकं गुंडाळलं. रानात जाणाऱ्या प्रत्येकीनं पाणी पिऊन जायचं, डोक्यावर ओलं कापड घ्यायचं, गरोदर बाईनं ऊन चढल्यावर लाकडं आणायची नाहीत. सासवांना हे पटेना. पण एका वैशाखात हौसाबाईच मोळीसकट बसल्या त्या उठेनात. अंग तापलेलं, बोलणं बरळ. सिस्टरांनी अख्खा रांजण त्यांच्या अंगावर रिकामा केला आणि सुनांना सुपानं वारा घालायला लावलं. शुद्धीवर आल्यावर हौसाबाईंचं पहिलं वाक्य, “माझं सगळं पाणी सांडलं गं बया!” तेव्हापासून रांजणाचा कारभार त्यांच्याकडं. आल्यागेल्याला दटावून पाजायच्या. आम्हाला केंद्रातही त्याचा फरक दिसे. ऊन लागून येणाऱ्यांत वाडीवरच्या बायका कमी झाल्या. सिस्टरांचा एक दोष मात्र सांगायला हवा, नाहीतर पुन्हा मी दुसऱ्याच कुणाची तरी माउली उभी करेन. त्या सगळंच उन्हावर ढकलू लागल्या. एसटी उशिरा आली, ऊन. घड्याळ बंद पडलं, ऊन. डॉक्टरसाहेब चिडले, तेही ऊनच. मी एकदा म्हणालो, माझं टक्कल? “ते आळसानं,” म्हणाल्या.

वर जायला लागल्यापासून त्यांची वाट दुप्पट झाली आणि पाणी तेवढंच राहिलं. लघवीला जळजळ, अंगात कणकण, हे सुरू झालं होतं. माझ्याकडूनच गोळ्या न्यायच्या आणि मी देताना म्हणायचो, “पाणी भरपूर प्या हां सिस्टर.” एक दिवस त्यांनी पुडी घेतली आणि समोरच बसल्या. “भाऊसाहेब, तुमचं अक्षर चांगलंय. वर एक अर्ज लिहा. दोन ओळी. उपकेंद्राला संडास नाही, बाईमाणसाला आडोसा नाही, बांधून द्या. बास.”

दोन ओळी! एवढ्या विषयाला दोन ओळी म्हणजे माझ्या लेखणीचा अपमान. तेव्हा सरकारदरबारी हवामानाला नुकते बरे दिवस येत होते. मी विचार केला, मागणी त्या विषयात गुंडाळून पाठवली तर लवकर मंजूर होईल. दोन पानं लिहिली. ‘जागतिक तापमानवाढीच्या अक्राळविक्राळ सावटाखाली होरपळणाऱ्या सह्याद्रीच्या कुशीत’ अशी सुरुवात. वृक्षतोड आली, अस्वल आलं, वसुंधरा दोनदा आली. संडास दुसऱ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत, ‘आनुषंगिक सुविधा’ या नावानं आला. सिस्टर बाहेर निघाल्या होत्या. माझ्यावर भरवसा ठेवून न वाचता सही केली. वरच्या साहेबांनी पहिलं पान वाचलं असणार. पावसाळ्याच्या तोंडाला उपकेंद्रापुढं टेम्पो थांबला. त्यातून रोपं उतरली, कापडी फलक उतरला, फोटोवाला उतरला. पाहुण्यांनी खड्ड्यात एकेक रोप धरून फोटो काढले आणि जाताना सिस्टरांना विचारलं, “बाथरूम कुठाय?” सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं थकून पाहिलं. मग रोपांकडं वळून म्हणाल्या, “आता ह्यांना पाणी कोण घालणार?” त्यांनीच घातलं, शेळ्यांनी उरवली तोपर्यंत. पुढं त्यांनी स्वतः दोन ओळींचा अर्ज केला. त्यावर उत्तर आलं की सदर ठिकाणी पर्यावरणविषयक काम नुकतंच झालेलं असल्यानं तूर्त नवीन प्रस्ताव घेता येणार नाही.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर त्यांचे पाय सुजू लागले. पुण्याच्या दवाखान्यात मूत्रपिंडं गेल्याचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, साखर होती, रक्तदाब होता, वारंवार जंतुसंसर्ग, वर्षानुवर्षं उन्हातलं काम आणि कमी पाणी... कशाचा किती वाटा ते सांगता येत नाही. मी शेवटचा भेटलो तेव्हा यंत्राला जोडलेला हात उशीवर होता आणि तो मोठा आवाज शेजारच्या खाटेपर्यंतही पोचत नव्हता. मी नेहमीप्रमाणं काहीतरी फालतू बोललो. त्यांनी मानेनं कोपऱ्यातलं दार दाखवलं. “बघा भाऊसाहेब, खोलीतच संडास. टाइल्स, कडी, सगळं. आणि आता पाणी मोजून देतात.” त्या हसल्या. मला हसता आलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या विनोदाला मी पहिल्यांदाच हसलो नाही. मग म्हणाल्या, “नवी पोरगी येईल माझ्या जागी. तिला सांगा, सकाळी लवकर निघायचं. आणि...” पुढं दम लागला. ते ‘आणि’ तसंच राहिलं. मार्चात त्या गेल्या.

परवा वैशाखाच्या उन्हात मी वाडीवर गेलो. निवृत्त माणसाला कुणी चढ चढायला लावत नाही, स्वतःच गेलो. हौसाबाईंच्या अंगणात तपासणी चालू होती. नवी सिस्टर तरुण आहे, चटपटीत. तपासणीला आलेल्या चारी बायकांना रांजणापुढं उभं करून पाणी पाजत होती. हौसाबाईंनी तिच्यापुढं तांब्या धरला. तिनं दोन थेंब ओठांना लावले आणि तांब्या माझ्याकडं सरकवला. “तुम्ही प्या काका.” या खेपेला मी तो खाली ठेवला. हौसाबाई माझ्याकडंच बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “मावशी, सिस्टरांवर पेपरात मोठा लेख लिहितोय. सगळं मांडणार आहे त्यात.”

त्यांनी तांब्यावरची धूळ पदरानं पुसली.

“तुमी लिव्हता झ्याक, कंपौंडर,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर काय व्हत न्हाई.”