क्लिओपात्राचा शेवटचा बहर

छाटणी केली की फांद्या त्याच दिवशी जाळायच्या, हे ह्युऑन खोऱ्यात लहान पोरालाही ठाऊक. पडलेल्या काटक्यांतून काळ्या डागाचा रोग पसरतो. ऊना ग्रिग्जनं लग्नापासून हेच केलं आणि त्या जुलैच्या हिवाळ्यातही केलं. फक्त आता जाळायला एकाच झाडाच्या फांद्या होत्या. परदेशची गिऱ्हाइकं तुटली तेव्हा साऱ्या खोऱ्यानं सफरचंदाच्या बागा उपटून काढल्या, ग्रिग्जांचीही बाग गेली. नवरा लिंडसे बुलडोझरवाल्याला एवढंच म्हणाला होता, की स्वयंपाकघराजवळचं क्लिओपात्रा जातीचं झाड राहू दे. पुढे लिंडसेही गेला. दर साली सुगीच्या प्रार्थनेला ऊना त्या झाडाची टोपलीभर सफरचंदं चर्चमधल्या वेदीपाशी ठेवी, लिंडसेच्या नावानं.

त्या वर्षी डोंगरावर बर्फ फार पडलं. भुकेल्या वॉलबी, त्या लहान कांगारूंसारख्या, खाली उतरल्या. छाटलेल्या काटक्या पडलेल्या असत्या तर त्यांवरच त्यांचं भागलं असतं. पण ऊनाच्या अंगणात राखेशिवाय काही नव्हतं. त्यांनी बुंध्याची साल कुरतडली. उंच गवत काढताना ऊनाला ते दिसलं, तोवर वीतभर रुंदीचं पांढरं कडं बुंध्याभोवती पुरं झालेलं होतं.

तिनं क्लॅरीला बोलावलं. हा लिंडसेचा थोरला भाऊ, कलमांत त्याचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नव्हता. तो गुडघ्यांवर बसला, कड्याभोवती बोट फिरवत राहिला आणि बराच वेळ उठला नाही.

"उठवत नाही की उठायचं नाही?" ऊनानं विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. भोवतीची सगळी साल गेली की पानांचं अन्न मुळांना पोचत नाही, झाड मरतं. फांद्यांवरचे डोळे काढून माझ्याकडच्या नव्या रोपांवर बांधू, ही जात जगेल. हे झाड मात्र सोडून दे. ऊनानं नकारार्थी मान हलवली. जात तर कुणाकडेही मिळेल, हे झाड लिंडसेनं राखलंय, म्हणाली. तेव्हा क्लॅरीनं दुसरा मार्ग काढला. जखमेच्या वर आणि खाली साल उचलून काड्यांची दोन्ही टोकं आत खोचायची, जखमेवरच्या पुलासारखी. त्यांच्यातून रस चढ-उतार करील. पण वरचा निम्मा भार कापायचा आणि यंदा एकही फूल ठेवायचं नाही.

ऑक्टोबरात वसंताचा रस चढून साल सुटायला लागली तशा त्यानं पाच काड्या बसवल्या, बारीक खिळे मारले, मेण लावलं. करवत उचलली तेव्हा ऊना आड आली. आधी काड्या धरू देत, मग बघू, म्हणाली.

पंधरवड्यात झाड असं फुललं की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. पाद्रीबाबांच्या बायकोनं तर ऊनाचे हात हातात घेऊन देवाची कृपा म्हटलं. ऊनालाही तसंच वाटलं. क्लॅरी आला, त्यानं टोपीसुद्धा काढली नाही.

"मरणारं झाड असंच फुलतं, ऊना. वरचं खाली उतरत नाही, म्हणून सगळं फुलात जातंय. मुळं उपाशी आहेत. फुलं आज झोडून टाक."

"टोपलीपुरती तरी राहू दे."

"लिंडसेला टोपली हवीय की झाड?"

त्यानं शिडी भिंतीला लावून ठेवली आणि निघून गेला. ऊनानं शिडीला हात लावला नाही. त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिनं झाडाचं नाव घेतलं, एवढंच.

जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात पानं वळली. पाचांतल्या चार काड्या वाळल्या. फळं मात्र घट्ट चिकटून राहिली, सुपारीएवढी, साल सुरकुतलेली. तिनं एक चावलं आणि थुंकलं.

क्लॅरी चाकू घेऊन आला तेव्हा तिनंच त्याला डोळे काढायला सांगितलं. साऱ्या झाडावर त्याला धड असे तीनच डोळे मिळाले. ओल्या फडक्यात गुंडाळत त्यानं विचारलं, जगले तर रोप इथंच आणून लावू का, त्याच जागी?

"नको," ऊना म्हणाली. "तुझ्या आवारात लाव. कोवळ्या रोपाचीही पहिली फुलं खुडावी लागतात, आणि माझ्याच्यानं फूल तोडवत नाही."