धक्का मारायचा नाही

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात जी काही यंत्रं बंद पडतात, ती सगळी माझ्या मैत्रिणीच्या आत्याला वचकून असावीत, असं मला मनापासून वाटतं. आत्या ठाण्याच्या कोलशेतची, मैत्रिणीच्याच घरी राहणारी. वडिलांच्या मागे त्यांचा जुना ट्रॅक्टर तिनेच चालवला आणि शेती संपल्यावर त्याला पाण्याचा टँकर जोडला. त्याच्या सेल्फने, म्हणजे बटण दाबल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरने, अधूनमधून संप करायचा आणि आत्याने तो मिटवायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मी डोंबिवलीहून कॉलेजला येते आणि लेक्चर संपली की बऱ्याचदा मैत्रिणीकडे जाते, त्यामुळे यातलं थोडंफार मी स्वतः पाहिलंय. नीट सांगता येईल का, माहीत नाही.

बंद ट्रॅक्टरला कोणी धक्का मारलेला आत्याला खपायचा नाही. एकदा शीळफाट्याच्या भर चौकात तो रिकाम्या टँकरसकट बंद पडला. मागचे ट्रकवाले ढकलायला उतरले, तर आत्या सीटवरूनच म्हणाली, "हात नका लावू. आजारी हाय तो, लंगडा नाय." मग टपरीवरून गरम पाणी मागवून तिने बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा थर धुवायला घेतला. हवालदार शिट्टी वाजवत, खेकसतच आला. थोड्या वेळाने तोच किटली धरून उभा होता आणि "ताई, या बाजूला राहिलंय," असं दाखवत होता, असं मैत्रीण शपथेवर सांगते.

आत्याचा क्रम ठरलेला. आधी बॅटरी, मग वायरी, मग सेल्फ, आणि इंजिनाला नावं ठेवायची ती अगदी शेवटी. हाच क्रम ती माणसांनाही लावते. परीक्षेच्या आधी, "माझ्या डोक्यात काही शिरतच नाही," म्हणत मी रडकुंडीला आलेले, तेव्हा तिने विचारलं, "सकालपासून काय खाल्लंस गो?" काहीच खाल्लं नव्हतं. "मग डोक्याला कशाला बोलतेस? आधी बॅटरी बघ," म्हणत तिने भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे सरकवली. खाऊन झाल्यावर पुस्तकातला तो अडलेला धडा मला खरंच समजला. अजूनही मला याचं नवल वाटतं.

यंदा ट्रॅक्टर उभा राहायचा ती जागाही बांधकामात गेली. मुरबाडकडचा एक शेतकरी त्याला न्यायला तयार झाला. त्याची अट एकच, ट्रॅक्टर बटणावर सुरू झाला पाहिजे. नाही झाला, तर भंगारवाला तोडून नेणार होता. आत्याने आठवडाभर खपून ट्रॅक्टरला लाल रंग दिला, वायरी सोडवून त्यांच्याखालीसुद्धा. "असा फिका कसा पाठवू त्याला?" म्हणाली.

आणि शेतकरी आला त्याच सकाळी सेल्फ फिरेना. नुसतं टक्. दिवे लागत होते, बटण दाबलं की मालवत होते. शेतकरी आत चहा घेत होता. मैत्रिणीचा भाऊ हळूच म्हणाला, "आत्या, मागच्या उतारावर ढकलून चालू करू, मग बोलवू त्यांना. त्यांना काय कळतंय?"

"मना कळतंय ना," आत्या म्हणाली.

तिने बॅटरी पाहिली, टर्मिनल आवळले. तरी टक्. मग गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री करून तिने एका जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला धरलं आणि भाच्याला बटण दाबायला सांगितलं. सेल्फ गर्रकन फिरला. मी टाळी वाजवणार, तोवर आत्या कपाळाला हात लावून हसत होती. निगेटिव्हची वायर ट्रॅक्टरच्या अंगाला जिथे बोल्टने आवळायची, तिथेही तिने रंगाचे दोन हात दिले होते, आणि रंगातून वीज जात नाही. "लय लाड झाले, दुसरं काय," म्हणत तिने तेवढाच रंग लोखंड चमकेपर्यंत खरवडला.

बोल्ट आवळल्यावर एका दाबात ट्रॅक्टर सुरू झाला. शेतकरी खूश होऊन सीटवर बसला, पण त्याला त्या क्लचची सवय नव्हती. रस्त्याला लागता लागता इंजिन बंद पडलं. आत्या पदर खोचून लगेच निघाली. ती अर्ध्या वाटेवर पोचली नसेल, तोच त्याने बटण दाबलं. ट्रॅक्टर पुन्हा एका दाबात सुरू झाला. त्याने मागे वळून हात केला आणि वळणावर दिसेनासा झाला.

आत्या आवाज जाईपर्यंत तिथेच उभी होती. "चांगला लागला गो सेल्फ," ती म्हणाली. तिच्या हातात पाना होता. घ्यायला मी हात पुढे केला, पण तिने तो दिला नाही.