काट मारलेला नंबर

सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या गोदामात त्या शनिवारी मिस्टर लिम यांची रायफल टेबलावर ठेवली होती. जुनी थ्री-नॉट-थ्री, दुर्बिणीची, स्नायपरची. लिम पूर्वी शिपयार्डात फोरमन होते. परवाना काढून त्यांनी आयुष्यभर जुनी शस्त्रं जमवली. आता संग्रह म्युझियमला जाणार होता. खरं ठरेल ते काचेत, खोटं ठरेल ते कापून भंगारात.

म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीची सिक्युरिटी बघतो. त्याआधी फौजेत स्नायपर होतो, पुढे स्नायपर कोर्सचा इन्स्ट्रक्टर. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेला आमच्या घरातला मी पहिला. त्या कॉलेजाचे आणि पलटणीचे माझ्यावर उपकार आहेत.

म्युझियमच्या तज्ज्ञ मिस कोह यांनी दस्त्याच्या निमुळत्या भागावर बोट ठेवलं. "इथे स्कोपचा, म्हणजे दुर्बिणीचा, नंबर ठोकतात. या नंबरावर काट मारून खाली दुसरा ठोकलाय. म्हणजे स्कोप मूळचा नाही. जोडकाम वाटतं."

लिम यांचा चेहरा उतरला. "सो हाऊ? कट आह? फॉर्टी इयर्स आय ऑइल धिस वन!"

"मॅडम, बनावट करणारा काट मारत नाही," मी म्हणालो. "तो नंबर जुळवतो. काट फौजेत मारतात."

"कशासाठी?"

मग मी त्यांना नियंत्रण रेषेवरची एक सकाळ सांगितली.

मी आणि माझा बडी, म्हणजे जोडीदार, नाईक शेलार पहाटेपासून एका कड्यावर होतो. दोघांकडे ड्रॅगुनोव्ह रायफली. खाली नाल्यातून आमचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परतत होतं. शेलार जावळीकडचा, मला सीनियर. मी रेंज सांगितली की म्हणायचा, "बघ बाबा, तू ग्रॅज्युएट. आपण आठवी नापास."

समोरून पहिली गोळी माझ्या स्कोपवर बसली. काच फुटली. दुसरी शेलारच्या रायफलची बॉडी फोडून त्याच्या गळ्यात घुसली. तो माझ्याकडे वळला. बोलायचा प्रयत्न केला, पण तोंडातून फक्त रक्त आलं. मी दोन्ही हातांनी गळा दाबून धरला. तो गेला तेव्हा मला हातांखाली कळलं.

रेडिओवर पेट्रोल लीडर बोलत होता. "दोन कॅज्युअल्टी. हललो की फायर येतोय. तुम्ही काय करताय? ओव्हर."

"शेलार गेला. मी बघतो. ओव्हर."

माझी रायफल चालू होती, स्कोप फुटला होता. त्याचा स्कोप शाबूत होता, रायफल मोडली होती. मी त्याचा स्कोप काढून माझ्या रायफलवर चढवला. दुसऱ्या रायफलचा स्कोप नळीशी जुळवून झीरो केल्याशिवाय नेम लागत नाही, आणि झीरो करायला गोळी झाडली की आपली जागा कळते. नाल्यात तिसऱ्याला गोळी लागली. त्याची किंकाळी कड्यापर्यंत आली.

मी एका पांढऱ्या दगडावर गोळी झाडली. उजवीकडे, खाली गेली. लगेच समोरून उत्तर आलं. दगडाच्या चिपा कानाजवळून गेल्या. पण समोरच्या स्नायपरच्या नळीसमोर धूळ उडालेली मला दिसली. गोळी चुकली तेवढी स्कोपची चकती फिरवली. पुढची गोळी त्याच्या तोंडावर बसली. तो कपारीतून पुढे कलंडला आणि रायफलीसकट खाली आपटत गेला.

पेट्रोल बाहेर पडलं. नंतर पलटणीची शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मररने माझ्या रायफलवरच्या स्कोप नंबरावर काट मारली आणि खाली शेलारच्या स्कोपचा ठोकला.

मिस कोह यांनी भिंग उचललं. दस्त्यावर वाकून दोन्ही नंबर तपासले. मग म्हणाल्या, "काटेच्या खाचेत आणि दुसऱ्या नंबरात लाकडाचं तेच जुनं तेल मुरलंय. अलीकडचं काम नाही हे. रायफल खरी आहे. मी घेते."

लिम यांनी रायफलवर हात ठेवला. "स्कोपचा पहिला मालक मेला का?"

"ते कळायला मार्ग नाही. कधी नुसती काच फुटली तरी स्कोप बदलतात."

"अँड युवर फ्रेंड?"

शेलारला आम्ही चौघांनी खाली आणलं. एड पोस्टवर डॉक्टरसाहेबांनी मला आधी बसवलं आणि रक्ताने माखलेली माझी उजवी भुवई पुसायला घेतली. सगळं पुसलं तरी जखम सापडेना. नेम धरताना स्कोपचं रबर भुवईला टेकतं, आणि स्कोप शेलारचा होता.

"कुठे लागलंय तुला?" त्यांनी विचारलं.

"मला नाही, सर," मी म्हणालो. "हे नाईक शेलारचं आहे."